फिश टँकचा लाइट आणि सासूबाईंची झोप

सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहतो. घरात मी, मिस्टर, चोवीस वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. मुलाने गेल्या दिवाळीत हॉलमध्ये दोन फुटी प्लँटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेला फिश टँक, केलाय. दिसतो सुंदर, आल्यागेल्याचं लक्ष आधी तिकडेच जातं. पण त्याचा लाइट छतावरून तारांनी टांगलेला आहे, टाकीच्या नऊ-दहा इंच वर, आणि टाकीला झाकण नाही. टाकी दिवाणाच्या पायथ्याकडच्या भिंतीला आहे, त्यामुळे सासूबाई आडव्या झाल्या की उजेड सरळ डोळ्यांवर. टीव्ही टाकीच्या बरोब्बर समोर, त्यात सिरियल कमी आणि लाइट जास्त दिसतो. सकाळी साडेआठला ऑफिसला निघताना मुलगा लाइट लावून जातो, तो रात्री साडेबाराला झोपताना बंद करतो. वर दर रविवारी काचेवरचं हिरवं खरवडत बसतो ते वेगळंच. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्या काही बोलत नाहीत, तोंडावर पदर घेऊन पडून राहतात. मागच्या आठवड्यात मी लाइटवर ओढणी टाकली तर मुलगा भडकला. म्हणे झाडं मरतील. मिस्टर म्हणतात, टाकी विकून टाक. लाइट लवकर बंद केला तर मासे आणि झाडं खरंच मरतात का? टाकी बेडरूममध्ये हलवावी का? की झाकण करून घ्यावं? झाकणाला मुलगा तयार नाही, सगळा लूक जाईल म्हणतो.
— एक वाचक, डोंबिवली

ताई, सगळ्यात आधी ती ओढणी काढा आणि पुन्हा टाकू नका. एक-दोन दिवसांच्या अंधाराने झाडं मरत नाहीत, तेव्हा मुलाने दिलेलं कारण काही खरं नाही. पण त्याचा राग अगदीच गैरलागू नव्हता. एलईडीच्या पट्टीची उष्णता तिच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या पाठीतून बाहेर पडते. त्यावर कापड आलं की ती आतच कोंडते. त्याहून वाईट म्हणजे ओढणीचं एक टोक पाण्यात गेलं, तर कापड वातीसारखं पाणी ओढून घेतं आणि टाकीबाहेर लोंबणाऱ्या दुसऱ्या टोकाने ते थेंब थेंब खाली सोडत राहतं. सकाळी उठून बघाल तर स्टँडमागचा एक्स्टेंशन बोर्ड ओला. घरात म्हातारं माणूस अनवाणी वावरतंय, तिथे हा खेळ नको.

आता उजेडाचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळी मेख तिथेच आहे: लाइट टाकीच्या नऊ-दहा इंच वर टांगलेला आहे. सहसा स्टँड अडीच फुटांचं असतं, तुमचंही तेवढंच धरतो. त्यावर फूटभर उंचीची टाकी, वर ही मोकळी जागा. म्हणजे पट्टी जमिनीपासून सव्वाचार फुटांच्या जरा वर आली. तुमचा मुलगा टाकीसमोर उभा राहतो तेव्हा त्याचे डोळे पाच फुटांच्या वर असतात. त्याला दिसते पट्टीची काळी पाठ आणि खाली झगमगणारी टाकी. सासूबाईंचं डोकं उशीवर असतं तेव्हा डोळे जमिनीपासून दोन फुटांवर. त्यांना पट्टीचं पोट दिसतं, एकेक एलईडी सुटा सुटा मोजता येईल असं. एकाच हॉलमध्ये दोघं दोन वेगळ्या गोष्टी बघताहेत. मुलगा हट्टी असेलही, पण त्याहून जास्त म्हणजे त्याला हा त्रास दिसलेलाच नाही.

म्हणून भांडण बाजूला ठेवून एक करा. रात्री दहाला हॉलची ट्यूबलाइट बंद करा, आणि मुलाला सांगा, पाच मिनिटं आजीच्या उशीवर डोकं ठेवून आडवा हो. काही समजावू नका. तो पडलेला असताना तुम्ही एक पुठ्ठा घ्या, कुरियरच्या खोक्याचा चालेल, आणि टाकीची वरची कड ते पट्टी एवढीच मोकळी जागा झाकेल असा समोर धरा. टाकीची काच पूर्ण उघडी राहू द्या. मग उलट करा: पुठ्ठा खाली घेऊन टाकीची काच झाका आणि वरची जागा मोकळी सोडा. कुठल्या वेळी डोळे मिटावेसे वाटतात, ते तोच सांगेल.

पहिल्या वेळी हॉल एकदम शांत होतो आणि टाकी मात्र तशीच उजळलेली राहते. बऱ्याच लोकांना याचं नवल वाटतं, कारण आपली समजूत अशी की उजेड टाकीच्या काचेतून बाहेर सांडतो. तसं फारसं होत नाही. वरून पाण्यात शिरलेला किरण खाली वळतो. हवेत तो कितीही आडवा आलेला असो, पाण्यात शिरल्यावर उभ्या रेषेपासून साधारण ४९ अंशांहून जास्त कलता राहूच शकत नाही. असा वळलेला किरण समोरच्या उभ्या काचेपाशी पोचतो तो इतका तिरपा, की बाहेर पडण्याऐवजी आरशावरून परतावा तसा आतच परततो. अगदी आडवे घुसलेले थोडेच किरण काचेतून सुटतात. बाकी समोरून जे आपल्याला दिसतं ते पानांवरून, वाळूवरून, माशांच्या अंगावरून विखुरलेलं असतं. तो उजेड मऊ असतो, डोळ्याला टोचत नाही. टोचतो तो पाण्याला न लागताच थेट पट्टीपासून दिवाणापर्यंत आलेला. तेव्हा टाकी झाकायची गरज नाही, टाकीच्या वरची ती वीतभर जागा तेवढी सांभाळायची आहे.

मुलाच्या लूकचंही ऐकून घेऊ. वर उघडी टाकी आणि छतावरून लोंबता दिवा ही तऱ्हा जगभर लोकप्रिय करण्यात जपानच्या ताकाशी अमानो यांचा मोठा वाटा आहे. हे छायाचित्रकारही होते. १९८२ साली त्यांनी आपली कंपनी काढली आणि टाकीत जंगल, दरी, नदीकाठ उभा करायची एक शैलीच तयार केली. तुमचा मुलगा रात्री व्हिडिओ बघत असेल तर हे नाव त्याला माहीत असणारच. अशा टाकीला डोक्यावर खोकं चढवलं की तिची रया जाते, हे त्याचं म्हणणं मला पटतं. पाण्याबाहेर डोकावणारी पानं, वरून दिसणारा पृष्ठभाग, हे सगळं झाकलं जातं. फक्त त्या मांडणीसमोर कोणी आडवं पडून झोपायचा प्रयत्न करत नसतं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. तिथे टाक्या भिंतीत बसवलेल्या, दिवे भिंतीआड, आणि आपण उभे राहायचो ती जागा अंधारी. दिवा बघणाऱ्याच्या नजरेआड ठेवायचा, एवढं एकच तंत्र तिथून उचलायचं.

त्यासाठी झाकण लागत नाही. टाकी उघडीच राहू द्या आणि पट्टीला झालर लावा. म्हणजे पट्टीच्या चारही कडांना खाली लोंबणारी तीन इंचांची कड. आणि ती लावण्याआधी पट्टी खाली घ्या: तारा सैल करून टाकीच्या कडेपासून चार इंचांवर आणा. टांगत्या लाइटच्या तारांना बहुतेक वेळा उंची कमीजास्त करायची पकड असतेच, खिळाठोकी करावी लागत नाही. आता हिशोब बघा. पट्टी चार-पाच इंच रुंद असते. सगळ्यात पलीकडच्या एलईडीपासून अलीकडच्या कडेपर्यंत चार इंच, आणि कड तीन इंच खोल. म्हणजे तिथून निघणारा किरण आडव्या रेषेपासून साधारण ३७ अंश खाली झुकल्याशिवाय बाहेर पडूच शकत नाही. अलीकडच्या एलईडींना तर त्याहून जास्त झुकावं लागेल. दिवाणावरची उशी टाकीपासून सहाएक फुटांवर असेल, तर त्या उशीवर पोचायला किरणाला फक्त १७-१८ अंश झुकायचं असतं. तो कडेवरच अडतो. उद्या पाहुणे आले आणि कोणी खाली गादी घालून झोपलं, तरी तेवढ्याच अंतरावर कोन २७-२८ अंशांच्या पुढे जात नाही. टाकीच्या पुढच्या आणि मागच्या काचेपर्यंत मात्र उजेड पोचतो, कारण तिथे किरण चांगलेच खाली झुकून येतात. झाडांचं काही जात नाही.

कड कशाची करायची? सनबोर्डची, म्हणजे प्लास्टिक फोमच्या पातळ बोर्डाची. फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे, नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे याचे तुकडे पडलेले असतात. हलका असतो, पाण्याने फुगत नाही, साध्या कटरने कापला जातो. तीन मिलिमीटर जाडी पुरे. दोन लांब पट्ट्या टाकीच्या लाइटच्या लांबीएवढ्या, दोन आखूड त्याच्या रुंदीएवढ्या. लांब पट्ट्या दोन्ही टोकांना जाडीपुरत्या जास्त ठेवा, म्हणजे कोपरा घट्ट मिटतो. कोपऱ्यात फट राहिली तर रात्री त्याच फटीतून उजेडाची रेघ भिंतीवर चढते आणि एवढं करून चिडचिड तशीच राहते. बाहेरून काळा, आतून पांढरा ठेवा. आतला पांढरा रंग कडेला आलेला उजेड परत पाण्यात टाकतो. चिकटवायला वेल्क्रो घ्या, फेविक्विक नको. पट्टी पुसायला, दुरुस्तीला काढावी लागते तेव्हा वेल्क्रो बरं पडतं. वेल्क्रो पट्टीच्या बाजूच्या कडेवर लावा. पाठीवरच्या उष्णता सोडणाऱ्या खाचांवर काहीही चिकटवू नका, आणि पट्टी वरून झाकू नका. पुठ्ठ्याची कड दोन रात्री प्रयोग म्हणून ठीक आहे, कायमची नाही. टाकीवर सतत ओल असते, आठवड्यात पुठ्ठा पोपडे धरतो आणि एक दिवस पाण्यात पडतो.

मुलाला सांगा, कड तूच काप, तूच लाव. ज्याने तासन् तास बसून टाकीत दगड रचलेत त्याच्या हाताला सफाई असते, आणि दुसऱ्याने लावलेलं काहीही तो महिन्याभरात काढून टाकेल.

झालर लावल्यावर एक बारीक त्रास उरेल. पाण्याची पातळी टाकीच्या कडेपेक्षा इंचभर खाली असते, आणि काचेच्या त्या कोरड्या पट्ट्यावर बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसतात. क्षारांचा थर उजेड सगळीकडे फेकतो. त्यामुळे टाकीच्या डोक्यावर एक पांढरी चकाकती रेघ दिसत राहते. कापडाला व्हिनेगर लावून ती पुसा, व्हिनेगर टाकीत सांडू देऊ नका. मग बाहेरून दीड इंचाची काळी विनाइल टेप चारही बाजूंनी सरळ लावली की काम झालं. पाण्याची रेषा टेपमागे लपते आणि टाकी दिसायलाही नीटस होते. पाणी उडून कमी होतं तेव्हा भरायला आळस नको. दोन फुटी टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे दोन लिटरच्या आत-बाहेर पाणी, एक मोठी बाटली.

छतावर पाण्याच्या लाटा नाचत असतील तर त्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या उजेडाच्या आहेत. काहींना त्या आवडतात. झोपणाऱ्याला नाही आवडत. फिल्टरचं तोंड किंचित खाली वळवलं की लाटा शांत होतात. अगदी संथ मात्र करू नका, पाणी वर हललं तरच त्यात हवा मिसळते, आणि रात्री झाडंही माशांबरोबर ऑक्सिजन घेत असतात. टाकीमागची भिंत पांढरी असेल तर मागच्या काचेला बाहेरून काळी फिल्म लावा; भिंत उजळायची थांबते आणि हिरवा रंग जास्त खुलतो.

आता वेळेचं. इथे मी मुलाच्या बाजूने अजिबात नाही. सकाळी साडेआठ ते रात्री साडेबारा म्हणजे सोळा तास! प्लँटेड टँकला सहा ते आठ तास पुरतात. त्यापुढचा उजेड झाडांच्या फारसा कामी येत नाही, शेवाळाच्या येतो. दर रविवारी तो जे हिरवं खरवडतो त्याचा मोठा भाग या सोळा तासांतून येतो. तेव्हा त्याला आजीच्या झोपेचं कारण पटलं नाही तरी स्वतःच्या रविवारचं नक्की पटेल. आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: लवकर बंद केल्याने काही मरत नाही, उलट माशांना अंधार लागतो. बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोयच नाही. दिवा चालू असेपर्यंत त्यांची रात्र होत नाही. लाइट गेल्यावर बॅटरी मारून बघा, निऑन टेट्रासारख्या माशांचा रंग चक्क फिका पडलेला असतो. तो आजार नाही, झोपेतलं रूप आहे.

टायमर लावा. इलेक्ट्रिकच्या दुकानात पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा फिरता टायमर मिळतो, किंवा मोबाइलवरून चालणारा स्मार्ट प्लग. दुपारी दोनला चालू, रात्री दहाला बंद. मुलगा आठ-साडेआठला येत असेल तर त्याला दीड-दोन तास टाकी बघायला मिळते, आणि तेवढं कोणीही मनापासून बघत नाही. सकाळी सगळ्यांच्या घाईत लाइट चालू ठेवून तो नक्की कोणासाठी ठेवला जात होता, हे मला कळलेलं नाही. फिरता टायमर घेतलात तर एक लक्षात ठेवा: लाइट गेली की तो तेवढा वेळ मागे पडतो, दर वेळी हाताने जुळवावा लागतो. टाकीत झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असेल तर त्याचीही वेळ बदलायला हवी: दिवा लागायच्या तासभर आधी सुरू, विझायच्या तासभर आधी बंद. रात्रभर सीओटू चालू राहिला तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. आणि लाइट दहाला जाईल तेव्हा हॉलमधला एखादा मंद दिवा थोडा वेळ चालू असू द्या, लख्ख उजेडातून एकदम मिट्ट काळोख झाला की मासे बिचकून काचेवर आपटतात.

पट्टी खाली आणल्यावर झाडांवर पडणारा उजेड वाढेल, हे तुमचा मुलगा लगेच बोलून दाखवील, आणि तो बरोबर असेल. त्यावर डिमर असेल तर थोडा कमी करावा. सगळ्या पट्ट्या डिमरवर चालत नाहीत. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवरच्या बहुतेक चालतात, थेट घरच्या विजेवर लागणाऱ्या बऱ्याच चालत नाहीत, तेव्हा खोक्यावर बघून घ्या. नसेल सोय, तर आठाचे सात तास करा, नाहीतर पाण्यावर थोडी तरंगती झाडं सोडा, साल्विनिया किंवा फ्रॉगबिट. ती पृष्ठभागावरची चमकही खातात. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा झाकला की बाकीची काढत राहायची, नाहीतर खालची उपाशी. आणि काढलेली सुकवून कुंडीत टाका. नाल्यात किंवा खाडीत सोडू नका. उल्हास नदीत जलपर्णी कशी माजते ते कल्याण-डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको, आणि साल्विनिया तशीच उपद्रवी आहे. टाकीत ॲन्युबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन अशी सावकाश वाढणारी झाडं असतील तर यातलं काहीच करू नका, त्यांना मुळात उजेड कमीच लागतो.

सासूबाईंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्या स्वतः बोलत नाहीत. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात भिंग ढगाळ झालेलं असतं. समोरून आलेला प्रखर ठिपका त्या ढगात विखुरतो आणि पूर्ण नजरेवर पांढरा पडदा येतो. तुम्हाआम्हाला जो लाइट नुसता खुपतो, त्याने त्यांना बाजूचं काही दिसेनासं होत असेल. रात्री उठून बाथरूमला जाताना याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची गोष्ट वेगळी. वयाने पिवळं पडलेलं नैसर्गिक भिंग निघून गेल्यावर निळसर उजेड पूर्वीपेक्षा जास्त आत जातो; काही कृत्रिम भिंगांना मुद्दाम पिवळी छटा देतात, सगळ्यांना नसते. टाकीचे पांढरे लाइट निळसर अंगाचे असतात. आणि डोळ्यातल्या ज्या पेशी शरीराला दिवस की रात्र हे कळवतात, त्या नेमक्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाने सर्वांत जास्त जाग्या होतात, झोपेकडे नेणारं मेलाटोनिन दबतं. साडेबारापर्यंत पदराआड पडून राहणारं माणूस झोपलेलं नसतं.

म्हणूनच दहानंतर ‘मूनलाइट’ म्हणून जी निळी छोटी पट्टी विकतात ती लावू देऊ नका. माशांना तिची गरज नाही. सासूबाईंना रात्री उठायला उजेड हवा असेल तर बाथरूमच्या वाटेवर, जमिनीपासून फूटभर उंचीच्या सॉकेटमध्ये एक पिवळसर नाइट लॅम्प लावा. आणि डोळ्याच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ‘कमी दिसतं’ एवढ्यावर थांबू नका. दिव्यासमोर डोळे दिपतात, दिव्याभोवती वलय दिसतं का, हे त्यांना आधी विचारून डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबायची जुनी पद्धत आता राहिलेली नाही, दिपण्याचा त्रास हेही ऑपरेशन लवकर करण्याचं कारण धरलं जातं. घरातली मोठी माणसं स्वतःहून हे सांगत नाहीत, आपल्यामुळे पोराचा छंद मोडायला नको म्हणून तर नाहीच नाही.

टीव्हीचं सोपं आहे. झालर लागली की टीव्हीत दिसणारा पट्टीचा झगझगाट जाईल, टाकीचं मंद प्रतिबिंब राहील. टीव्ही वळत्या ब्रॅकेटवर असेल तर पाचएक अंश वळवा. पडदा पाच अंश वळला की प्रतिबिंब दहा अंश सरकतं, तेवढ्यात ते दिवाणावर बसणाऱ्याच्या नजरेतून निघून जातं. पक्क्या ब्रॅकेटवर असेल तर एवढ्यासाठी भिंत फोडू नका.

बेडरूममध्ये हलवण्याच्या फंदात पडू नका. दोन फुटी टाकीत काठोकाठ भरून ५६-५७ लिटर पाणी मावतं. माती, दगड, काच धरून वजन सत्तर किलोंच्या वर जातं. भरलेली टाकी उचलली तर तळाची काच तडकते किंवा सिलिकॉनचा जोड सुटतो, कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने मध्यरात्री. हलवायची तर जवळजवळ रिकामी करावी लागते, केलेली लागवड विस्कटते, आणि हे सगळं करून लाइटचा त्रास फक्त सासूबाईंकडून तुम्हा दोघांकडे येतो. मिस्टरांना सांगा, विकायचा विषय पंधरा दिवस काढू नका. तोपर्यंत टायमर आणि झालर दोन्ही लागलेलं असेल, मग काय ते बोलू.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. पट्टीची उंची बदलताना, कड लावताना, प्लग सॉकेटमधून काढलेला हवा, नुसता बटणाने बंद केलेला नको. आणि लाइटची वायर सॉकेटकडे जाण्याआधी एकदा सॉकेटच्या खाली झोल घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाच्या तळाला ठिबकतं, बोर्डात जात नाही. छताचा हुक पीओपीत आहे की स्लॅबमध्ये, तेही एकदा हलवून बघा.

टायमर उद्याच आणा. सनबोर्डाला रविवार उजाडला तरी चालेल, तोवर पुठ्ठा आहेच.